टीईटीतल्या साठ गुणांच्या भाषेची तयारी

शिक्षक पात्रता परीक्षेला, म्हणजेच टीईटीला, पहिल्यांदा बसणारे बहुतेक जण वेळापत्रक आखताना गणित, विज्ञान आणि बालमानसशास्त्राला महिने देतात. भाषेचा रकाना मात्र शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवतात. मराठी तर आपलीच, तिचा वेगळा अभ्यास कशाला, ही त्यामागची समजूत. पण १५० गुणांच्या पेपरात भाषेचे गुण आहेत ६०. भाषा-१ चे ३० आणि भाषा-२ चे ३०. मराठी माध्यमातले उमेदवार सहसा पहिली मराठी आणि दुसरी इंग्रजी घेतात. पेपर पहिलीचा असो वा सहावीचा, हे साठ गुण दोन्हीकडे सारखेच राहतात. उत्तीर्ण व्हायला ९० गुण, म्हणजे ६० टक्के लागतात. मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांना ५५ टक्के. चार-पाच गुणांनी हुकलेल्या उमेदवाराने आपला निकाल उघडून पाहिला, तर ते गुण अनेकदा याच साठांत सांडलेले दिसतात.

आधी परीक्षेचा साचा नीट कळून घ्या. महाराष्ट्राची टीईटी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर १ हा पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. दोन्ही गटांना शिकवायचे असेल तर दोन्ही पेपर द्यावे लागतात. प्रत्येक पेपरात १५० बहुपर्यायी प्रश्न, वेळ अडीच तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नांचा विषय त्या त्या इयत्तांचा असला, तरी काठिण्यपातळी पेपर १ ला दहावीपर्यंत आणि पेपर २ ला बारावीपर्यंत जाऊ शकते. ‘पाचवीच्या पुस्तकातलेच येईल’ असे धरून बसलेले इथेच फसतात. प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षे होती. २०२१ मध्ये ती तहहयात झाली. म्हणजे हा अभ्यास एकदाच, पण नीट करायचा आहे.

आता या परीक्षेला फक्त नवे डी.एड., बी.एड. उमेदवारच बसतात असेही राहिलेले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आधीपासून नोकरीत असलेल्या आणि पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी त्याविना चालू राहील, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा मुद्दा न्यायालयाने मोठ्या पीठासाठी वेगळा ठेवला. वीस-वीस वर्षे वर्ग सांभाळलेले गुरुजी आणि बाई या निकालाने पुन्हा परीक्षार्थी झाले आहेत. त्यांच्या मनातली धास्ती मी समजू शकतो. त्यांना एवढेच सांगेन की भाषेच्या या साठ गुणांत तुमचा वर्गातला अनुभव नव्या उमेदवारापेक्षा जास्त कामी येतो. तो पर्यायांच्या भाषेत कसा मांडलेला असतो, तेवढे ओळखायला शिका.

पहिली पायरी: एक जुना पेपर, घड्याळ लावून

कुठलेही मार्गदर्शक पुस्तक विकत घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची एक जुनी प्रश्नपत्रिका आणि तिची अंतिम उत्तरसूची उतरवून घ्या. दोन्ही भाषांचे मिळून साठ प्रश्न एका बैठकीत, ५५ मिनिटांत सोडवा. तपासताना नुसते गुण मोजू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चारांपैकी एक अक्षर लिहा: उ म्हणजे उताऱ्यावरचा, व्या म्हणजे व्याकरणाचा, श म्हणजे शब्दसंपत्तीचा, अ म्हणजे अध्यापनशास्त्राचा. या खुणांवरून पुढच्या दोन महिन्यांचे वेळापत्रक आपोआप ठरते. कुणाच्या पानावर ‘व्या’च ‘व्या’ दिसतात, कुणाच्या पानावर ‘अ’. दोघांनी सारखाच अभ्यास करण्यात अर्थ नाही.

उत्तरसूची अंतिमच घ्यायची, हे मुद्दाम सांगतो. आधी अंतरिम सूची लागते, तिच्यावर उमेदवार आक्षेप घेतात आणि मग अंतिम सूची येते. या दोन सूच्यांत काही उत्तरे बदललेली असतात. बाजारातल्या पुस्तकांत कधी कधी जुनीच उत्तरे छापलेली राहतात, आणि चुकीचे उत्तर एकदा पाठ झाले की ते विसरायला फार त्रास होतो.

उतारा: तयारीचा गाभा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उताऱ्यावरच्या प्रश्नांचे उत्तर कागदावर समोर असते, तरी गुण जातात. याचे कारण एकच: आपण उताऱ्यात काय लिहिले आहे ते न वाचता आपल्याला त्या विषयाबद्दल काय वाटते ते वाचतो. हे एका छोट्या उताऱ्यावर पाहू. हा मीच सरावासाठी लिहिला आहे.

‘गावात नळ आले आणि आडावरची गर्दी ओसरली. पाणी दारात आले, याचा आनंद सगळ्यांनाच होता. बायकांची पायपीट थांबली, मुलींना सकाळच्या शाळेला वेळेवर जाता येऊ लागले. पण आडावर रोज होणारी भेट आणि सुखदुःखाची विचारपूस थांबली ती थांबलीच. आता आडात कोणी डोकावतही नाही; गाळ साचून त्याचे झरे बुजले आहेत.’

प्रश्न: लेखकाला मुख्यतः काय सांगायचे आहे?
(१) गावात नळ यायला नको होते.
(२) सोय झाली, पण तिच्याबरोबर गावाने काही गमावलेही.
(३) आडातला गाळ काढला पाहिजे.
(४) पूर्वीच्या बायका अधिक कष्टाळू होत्या.

उत्तर (२). पण बाकीचे तीन का चुकले, ते बघण्यात खरा अभ्यास आहे. पहिला पर्याय लेखकाची हळहळ ताणून टोकाला नेतो. ‘आनंद सगळ्यांनाच होता’ हे वाक्य त्याला थेट खोडून काढते. तिसरा पर्याय व्यवहारात अगदी योग्य आहे, पण उताऱ्यात तसे कुठेही म्हटलेले नाही. चौथ्यात ‘पायपीट’ या एका शब्दाला धरून नवीनच मत तयार केले आहे. टोकाचा, बाहेरून आणलेला आणि एका शब्दाला लटकलेला असे हे तीन फसवे पर्याय जवळजवळ प्रत्येक उताऱ्यावर भेटतात. सराव करताना उत्तराला खूण करून पुढे जाऊ नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो या तिघांपैकी कोणत्या जातीचा आहे ते लिहा. पंधरा-वीस उतारे असे सोडवले की नजर बसते.

आता दुसरा प्रश्न: ‘आडावर पाणी भरायला मुलीही जात असत’ हे विधान बरोबर की चूक? उताऱ्यात तसे शब्द नाहीत. पण नळ आल्यावर मुलींना शाळेला वेळेवर जाता येऊ लागले, म्हणजे आधी त्यांचा वेळ पाण्यात जात होता. विधान बरोबर. याला अनुमान म्हणतात. अनुमानाच्या प्रश्नात एकच कसोटी लावा: माझ्या उत्तराला आधार देणारे वाक्य मी बोटाने दाखवू शकतो का? दाखवता आले तर ते अनुमान, नाही तर ती कल्पना.

तिसरा प्रकार शब्दार्थाचा. ‘ओसरली’ म्हणजे कमी झाली, हे संदर्भावरून कळते. पर्यायांत ‘वाढली’ आणि ‘संपली’ हेही असणार, आणि ‘संपली’वर हात जाणार, कारण शेवटच्या वाक्यात आड ओस पडलेला आहे. शब्दाचा अर्थ त्याच्याच वाक्यात पाहायचा, उताऱ्याच्या शेवटावरून ठरवायचा नाही.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा? यावर शिकवणी वर्गांतून दोन्ही सल्ले मिळतात. माझे मत: प्रश्नांवरून नुसती नजर फिरवा, पर्याय अजिबात वाचू नका, मग उतारा सलग वाचा. पर्याय आधी वाचले की ते डोक्यात बसतात आणि उतारा त्यांच्या सोयीने वाचला जातो.

कवितेच्या ओळी आल्या की पुष्कळांची धांदल उडते. आधी अन्वय लावा: क्रियापद शोधा, कोण करतो ते शोधा आणि ओळ साध्या गद्यात मनाशी म्हणा. ‘वारा सांगतो पानांच्या कानी, पाऊस येतो म्हणे पाहुणा’ अशी ओळ असेल तर गद्यात ती ‘पाऊस पाहुणा येणार आहे असे वारा पानांच्या कानात सांगतो’ अशी होते. वारा माणसासारखा बोलतो आहे, हे गद्यात आणल्याबरोबर दिसते आणि चेतनगुणोक्ती अलंकार ओळखू येतो. अलंकारांच्या व्याख्या पाठ असूनही ओळीत अलंकार न ओळखणारे उमेदवार हा गद्याचा टप्पा गाळत असतात.

लेखनाचा सराव, लिहायचे नसले तरी

टीईटीत निबंध नाही, सारांशही नाही. गोळेच रंगवायचे आहेत. तरी मी प्रत्येकाला रोज अर्धे पान हाताने लिहायला सांगतो. दैनिकातला एक अग्रलेख घ्या, त्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा आणि त्याला शीर्षक द्या. शीर्षक सुचले नाही तर मध्यवर्ती कल्पना कळलेली नाही, हे लगेच उघडे पडते. मग त्याच लेखावर दोन बहुपर्यायी प्रश्न तयार करा, फसव्या पर्यायांसह. प्रश्न काढणाऱ्याच्या खुर्चीत काही दिवस बसले की पर्याय वाचण्याची पद्धतच बदलते. शाळेत घटक चाचणी काढणाऱ्या शिक्षकांना हे काम जड जाऊ नये.

असे लिहिताना आपले शुद्धलेखनही तपासून होते. प्रमाण मराठीचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले; १९६२ मध्ये १४ नियम शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. हे अठरा नियम चार-पाच पानांत मावतात. संपूर्ण वाचा. प्रश्न बहुधा ऱ्हस्व-दीर्घावर येतात, म्हणून हे उदाहरणांसह वहीत उतरवा:

कवी, गती, बुद्धी हे सुटे शब्द दीर्घान्त. पण समासात पहिले पद झाले की कविराज, गतिरोधक, बुद्धिवैभव. म्हणूनच ‘विद्यार्थी’ दीर्घ आणि ‘विद्यार्थिगृह’ ऱ्हस्व. ‘आणि’ला मात्र दीर्घ वेलांटी नाही, कारण ते अव्यय.

मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ: फूल, मूल, वीट. प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होते: फुलाला, मुलाला, विटेला. तीन अक्षरी शब्दात मधली वेलांटी किंवा उकार कित्येकदा नाहीसाच होतो: लाकूड–लाकडाला, माणूस–माणसाला, बेरीज–बेरजेला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र जागचे हलत नाहीत: शरीर–शरीराला, गीत–गीताला.

या दोन परिच्छेदांवर तुमचे स्वतःचे तीस शब्द जोडा. नियम पाठ करण्यापेक्षा हे शब्द हाताने लिहिलेले बरे. परीक्षेत हात आठवतो.

व्याकरण: ओळखण्याच्या युक्त्या, व्याख्या नव्हे

बालभारतीची पहिली ते आठवीची मराठीची पुस्तके आणि नववी-दहावीची कुमारभारती यांतला व्याकरणाचा भाग एवढा पाया पुरेसा आहे. ही पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. शब्दांच्या आठ जाती, विभक्ती, काळ, वाक्यप्रकार, समास, प्रयोग, अलंकार, म्हणी आणि वाक्प्रचार एवढ्यावर बहुतेक प्रश्न फिरतात.

प्रयोगावर सगळे अडतात, म्हणून तो जरा सविस्तर. व्याख्या बाजूला ठेवा आणि वाक्यात बदल करून पाहा. ‘मुलीने आंबा खाल्ला.’ कर्ता बदला: मुलाने आंबा खाल्ला. क्रियापद हलले नाही. कर्म बदला: मुलीने पोळी खाल्ली. क्रियापद हलले. म्हणजे कर्मणी. ‘मुलगी आंबा खाते’ यात मुलगी काढून मुलगा घातला की ‘खातो’ होते, म्हणून कर्तरी. ‘शिक्षिकेने मुलाला समजावले’ यात शिक्षक घाला, मुलीला घाला, ‘समजावले’ तसेच राहते. तो भावे. तीन वाक्ये, दोन बदल, प्रश्न सुटला.

द्वंद्व समासातही विग्रह केला की प्रकार हातात येतो. आईवडील म्हणजे आई आणि वडील, म्हणून इतरेतर. खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे, म्हणून वैकल्पिक. चहापाणी म्हणजे चहा, पाणी वगैरे, म्हणून समाहार. विभक्तीत मात्र सावध राहा: प्रश्न प्रत्ययावरून विचारला आहे की कारकार्थावरून (शब्दाचा क्रियेशी असलेल्या संबंधावरून), ते प्रश्नातच लिहिलेले असते आणि घाईत तेच वाचायचे राहते.

म्हणी आणि वाक्प्रचारांची यादी घोकू नका. रोज पाच घ्या आणि त्या वाक्यात वापरा.

अध्यापनशास्त्र: वर्ग डोळ्यांपुढे आणा

श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चार कौशल्ये, भाषा संपादन (सहज कानावर पडून येणे) आणि भाषा अध्ययन (मुद्दाम शिकणे) यांतला फरक, निदान चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन, बहुभाषिक वर्ग, वाचन-लेखनातील अक्षमता, मूल्यमापन. विषय एवढेच. प्रश्न मात्र सरळ येत नाहीत, प्रसंग देऊन येतात.

समजा, विदर्भातल्या एका वर्गात दुसरीचा मुलगा सांगतो, ‘बाई, तो बाहेर खेळून राहिला.’ शिक्षिकेने काय करावे? पर्याय असे असतील: त्याला लगेच थांबवून चूक दाखवावी, बरोबर वाक्य दहा वेळा लिहून घ्यावे, दुर्लक्ष करावे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि ‘हो का, तो बाहेर खेळतो आहे?’ असे म्हणून संवाद पुढे न्यावा. उत्तर शेवटचे. मुलाची घरची बोली ही चूक नसते. ती पायाशी धरून प्रमाणभाषा त्याच्या कानावर घालायची असते. मला या परीक्षेतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या महिन्यात ‘असे नाही बोलायचे’ हे ऐकून तोंड मिटलेले मूल पुढे कित्येक वर्षे वर्गात बोलत नाही. अशा प्रश्नांत शिक्षा, पाठांतर, तुलना किंवा सरसकट दुर्लक्ष सुचवणारा पर्याय जवळजवळ नेहमी बाद होतो.

विचारवंतांची नावे थोडीच आहेत, ती गोंधळू देऊ नका. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर म्हणतो की भाषा अनुकरण आणि प्रबलनातून, म्हणजे शाबासकीसारख्या प्रतिसादातून, येते. भाषाशास्त्रज्ञ चोम्स्कीने १९५९ मध्ये त्यावर टीका केली. त्याच्या मते भाषा शिकण्याची यंत्रणा मूल जन्मतःच घेऊन येते, म्हणूनच कधी न ऐकलेली वाक्येही ते बोलते. पियाजे आणि वायगॉट्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांतला फरक एका दृश्यावर लक्षात ठेवा. ठोकळे रचताना एक मूल स्वतःशीच पुटपुटते आहे. पियाजेच्या मते ही आत्मकेंद्रित भाषा, मूल मोठे होईल तशी ती मावळेल. वायगॉट्स्कीच्या मते मूल त्या बोलण्याने आपल्या कामाला दिशा देते, आणि हेच बोलणे पुढे आत वळून विचार बनते.

धोरणांपैकी दोन तरी माहीत हवीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हणते. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचन, लेखन आणि मूलभूत गणित यावे. ‘समजपूर्वक’ हा शब्द धरून ठेवा. वाचनावरच्या प्रश्नांत अडखळत का होईना अर्थ लावणारे मूल आणि घडाघडा पण अर्थाविना वाचणारे मूल यांत निवड करायला सांगतात.

भाषा-२

इंग्रजीच्या अध्यापनशास्त्रासाठी वेगळा अभ्यास नको; वरचेच मुद्दे दुसऱ्या भाषेच्या संदर्भात येतात. संज्ञा मात्र इंग्रजीतून वाचून ठेवा, नाही तर येणारे उत्तरही ओळखू येत नाही. उताऱ्यासाठी आठवी ते दहावीची इंग्रजीची पुस्तके धरा आणि रोज एक धडा मोठ्याने वाचा. व्याकरणात आर्टिकल, प्रीपोझिशन, काळ, व्हॉइस आणि रिपोर्टेड स्पीच एवढ्यांवर आधी भर द्या.

परीक्षेचा दिवस

भाषा-१ ला २५ मिनिटे, भाषा-२ ला ३० मिनिटे धरा. उरलेली ९५ मिनिटे बाकीच्या नव्वद प्रश्नांना. उताऱ्यावरच्या एका प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त अडू नका. प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढे जा, परत या. उत्तरपत्रिकेवरचे गोळे शेवटी एकदम रंगवू नका, पान संपले की त्या पानाचे रंगवा. एक प्रश्न सोडला आणि गोळा सोडायचा राहिला तर पुढची सगळी रांग सरकते. गुण कापले जात नसल्याने एकही गोळा कोरा ठेवू नका. तुमच्या प्रश्नपत्रिकेचा संच कोणता, ते सांगणारे अक्षर उत्तरपत्रिकेवर बरोबर नोंदवले आहे ना, हे आधीच पाहून घ्या.

परीक्षा झाल्यावर अंतरिम उत्तरसूची लागेल तेव्हा ती स्वतः तपासा. एखादे उत्तर चुकीचे वाटले तर दिलेल्या मुदतीत आक्षेप नोंदवा आणि पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकाचे पान किंवा लेखननियम जोडा. शिकवणी वर्गाच्या नोट्स त्यासाठी उपयोगी पडत नाहीत. निकाल हाती आला तरी टीईटी ही पात्रता आहे, नेमणूक नव्हे. राज्यातल्या शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि शासनाच्या ‘पवित्र’ नावाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्या चाचणीत २०० प्रश्नांना १२० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. उतारे भराभर आणि अचूक वाचण्याचा सराव टीईटीनंतर थांबवू नका.